कारण : पीकसंरक्षण

कोकण भवनाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल.
वर निळं प्लास्टिक, खाली रेमिंग्टन.
ही कंपनी आधी बंदुका करायची, मग टाइपरायटर,
असं माझ्या उस्तादानं सांगितलं होतं.
आता तिचा काना सैल झालाय,
'परवाना' कधी कधी 'परवन' उमटतो,
मग मी पेनानं दांडी देतो.

घणसोलीचे हसुराम मढवी, वय अठ्ठ्याहत्तर.
सोबत नात मृणाली, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला.
विषय : ठासणीच्या एकनळी बंदुकीचं नूतनीकरण.

रकाना, शस्त्र कशासाठी हवे?
जुन्या परवान्यावर तपकिरी शाईत,
त्यांच्या बापाच्या नावापुढे :
'पीकसंरक्षण. रानडुक्कर व पाखरे.'
शेजारी परवाच्या साहेबाची पेन्सिल :
'पीक कोठे? सातबारा जोडावा.'

सातबारा महामंडळाच्या नावावर आहे.
खाचराच्या जागी काचेची इमारत.
पाखरं तिच्यावर आपटून मरतात,
बंदूक लागत नाही.

मृणाली म्हणाली, काका, मुद्दा टाइप करा.
तिकडं अमेरिकेत शस्त्राचा हक्क घटनेतच लिहिलाय,
तरी केंद्र सरकारनं कुठवर बांध घालावा
यावर त्यांची कोर्टं अजून भांडतायत.
आणि आपल्याकडं?
आपल्याकडं, मी म्हणालो, काय लिहिलंय?
तिनं पिशवीतून पुस्तक काढलं,
कोपरे दुमडलेलं, चहाचा एक डाग.
'शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा.'
पुढं एका ठिकाणी कृपाण, तेही श्रद्धेपुरतं.
बाकी सगळं कायद्याच्या हाती :
अर्ज, चौकशी, शिक्का, पाच वर्षं.
पण जीव वाचवायचा हक्क तर आहे ना, ती म्हणाली,
मग जीव वाचवायचं साधन
कुणाच्या मर्जीवर कसं?

मी कागद सरळ केला.
चाळीस वर्षं मी मर्जीच टाइप करतोय :
'तरी मेहेरबानांनी कृपा करून.'
तिचा प्रश्न चांगला होता.
पण माझ्याकडं दर आठवड्याला
गळ्यात साखळ्या घातलेले बिल्डरही येतात,
त्यांचाही जीव धोक्यात असतो,
आणि त्यांचा रकाना मी भरतो तेव्हा
मला साहेबाची पेन्सिल आवडते.

म्हातारा इतका वेळ गप्प.
मग म्हणाला,
"जमीन नेली तवा आमी मोर्च्याला गेलो.
बंदूक खुंटीला ठेवून गेलो.
पोरी, तुजं ते काय... विनाशस्त्र.
समोरच्यांच्या हातान व्हत्या.
त्यांना परवाना लागत नाय."

मृणालीनं पुस्तक मिटलं नाही,
नुसतं बोट ठेवलं त्या ओळीवर.

मी विचारलं, आता काय राखायचंय, बाबा?
डुक्कर नाही, भात नाही.
"बंदूक इलेक्शनला ठाण्यात जमा केली,
तिकरंच राहू दे.
दारू ठासाया हात तरी कुठं थारावर हायेत.
मना कागद पायजे."
त्यांनी परवाना माझ्यापुढं उलटा केला.
मागच्या बाजूला, चुरगळलेल्या घडीत :
व्यवसाय, शेती. सर्व्हे नंबर. क्षेत्र.
गावाची शीव, चारी दिशांना कोण कोण.
"बाकीच्या समद्या कागदांवर
आमी परकल्पग्रस्त.
ह्याच्यावर तेवरा शेतकरी."

असा रकाना छापील अर्जात नाही.
मृणाली म्हणाली, कायद्यात हे बसणार नाही.
म्हातारा म्हणाला, ठाव हाय.

मी कार्बन घातला, दोन प्रती.
शस्त्र कशासाठी हवे?
बराच वेळ बोटं किल्ल्यांवर.
मग जुनंच टाइप केलं, 'पीकसंरक्षण',
आणि साहेबाच्या 'पीक कोठे?' साठी
खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या.

साठ रुपये झाले.
त्यांनी सत्तर दिले, सुटे घेतले नाहीत,
कार्बनची प्रत उन्हात धरून
एक एक अक्षर बोटानं मोजत राहिले.
कान्याच्या दांड्या द्यायच्या राहिल्या होत्या.
मी पेन उघडलं. त्यांनी माझा हात धरला,
"ऱ्हाऊ दे," म्हणाले,
"वाचताना आमी घालून घेव."